सुताराचा चकचकीत बार

डोंगरापलीकडच्या एका गावात एक सुतार राहायचा. हातात कसब मोठं, पण एक खोड वाईट: मळकं काही दिसलं की याचा हात शिवशिवायचा. त्याची बायको घरीच जवाची बिअर आणि सफरचंदाची सायडर करायची. ती प्यायला लोक दोन-दोन डोंगर ओलांडून यायचे.

एकदा बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली. सुताराने ठरवलं, ती यायच्या आत ओसरीवर असा झकास बार उभा करायचा की तिने बघतच राहावं. झालं, लागला कामाला. सागाची रुंद फळी, पेले टांगायला खुंट्या, बसायला उंच स्टुलं. वर पौर्णिमेचं आवतण अख्ख्या गावाला देऊनही मोकळा झाला.

मग त्याची नजर कोपऱ्यातल्या, बिअर-सायडर ढवळायच्या लाकडी ढवळणीवर गेली. काळपट, चिकट, चिरांमधून साका बसलेली. बायकोच्या आजीच्या वेळची. "ही धुवायची नाही, नुसती सावलीत वाळवायची," असं बायको सतरा वेळा सांगायची. का, ते याने कधी विचारलं नव्हतं.

"काय हा गबाळेपणा," म्हणत त्याने ढवळणी राखेच्या पाण्यात उकळली, तासली आणि वर लाखेचं रोगण चढवलं.

बायको करायची तसेच त्याने जव शिजवले, सफरचंदांचा रस कढवला, निवू दिला, रांजण भरले आणि त्याच ढवळणीने ढवळले. दुसऱ्या दिवशी फेस यायला हवा होता. आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी त्याने रांजणाला कान लावला, तर आत चिडीचूप.

पौर्णिमेच्या सकाळी बायको परतली. बार पाहून हरखली. मग तिला ढवळणी दिसली आणि तिने ती उचलून नाकाशी धरली.

"अहो, हिला काय केलंत?"

"स्वच्छ केली. किती घाण बसली होती."

"घाण नव्हती ती. बिअर आंबवणारं विरजण होतं. आजीने आईला दिलेलं, आईने मला."

"मग दुसरं आणू की कुठूनतरी."

"कुठून आणणार? आजीला उठवायला जाणार आहात?"

आता कुठे सुताराला उमगलं. तीन पिढ्या जपलेला जीव त्याने आपल्या हाताने उकळून मारला होता, आणि वर हौसेने रोगणही लावलं होतं.

संध्याकाळी गाव जमला. सुताराने खाली मान घालून पेले भरले. एका म्हाताऱ्याने घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"हे गोड पाणी पोरांना दे रे. आमचं कुठाय?"

"आजोबा, आता हेच," सुतार म्हणाला.

बाकीच्यांनीही पेले खाली ठेवले. शेवटी एकाने फळीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बार मात्र सुरेख केलास हो."

आयुष्यभर असल्या कौतुकाला हपापलेल्या सुताराला त्या दिवशी ते ऐकवेना. तो उठून आत गेला.

यातून घ्यायचं ते एवढंच: एखादी गोष्ट तशी का ठेवली आहे हे विचारल्याशिवाय तिला सुधारायला जाऊ नये.