उठगाठ

एका राज्यात घरोघर जाळी विणली जाई. मांडीवर गोल उशी, उशीवर टाचण्या, टाचण्यांभोवती पांढरं सूत आणि सुताच्या टोकांना लाकडी फिरक्या. फिरक्या टकटक करीत एकमेकींवरून जात आणि खाली फुलं-पानं उमटत. राणी असो की पाणक्याची बायको, उशी दोघींच्याही मांडीवर. रीत अशी, की विणता विणता उठावं लागलं तर सुताला बारीकशी गाठ मारूनच उठायचं, नाहीतर वीण सैल पडे. तिला म्हणत उठगाठ. ध्यानात ठेवा हो, मी पुन्हा सांगायची नाही.

या राज्याची राणी रत्नप्रभा. तिच्या हाताला तोड नव्हती. तिला एकच लेक, हेमांगी. आणि राजा? राजा भला होता बिचारा, पण नवं काही दिसलं की भुलायचा.

एके दिवशी समुद्रापलीकडून काकदंष्ट्र नावाचा सौदागर आला. गलबतं भरून जाळीचे शेले. गुळगुळीत, एकासारखा एक, आणि मूठभर नाचणीला मिळे! लोक नुसते तुटून पडले. घरोघरच्या उशा माळ्यावर गेल्या. राजा म्हणाला, "यांवर आपली मुद्रा उठवा. आपल्या राज्याची हातची जाळी म्हणून देशोदेशी जाऊ दे."

राणीने एक शेला हातात घेतला, उलटा केला, खाली ठेवला. म्हणाली, "महाराज, ही हातची नव्हे. हातची म्हणून मी मुद्रा उठवू देणार नाही."

सौदागर हसला आणि त्याचं सोंग गळून पडलं. तो होता जादूगार! "खरं-खोटं कळतं म्हणतेस? मग कळू दे की सगळ्यांना." त्याने फुंकर मारली. राणी वर्षानुवर्षं एक शेला विणत होती, अजून अपुराच होता. तिचा प्राण त्या शेल्यात गेला आणि ती बसल्या जागी निश्चल झाली. जादूगाराने शेला उशीवरून उचलला. "हा मी माझ्या बेटावर खोट्यांत मिसळतो. खरा शेला हिच्या खांद्यावर पडला तर ही उठेल. खोटा पडला तर कायमची दगड. संधी एकदाच."

राजाने कपाळाला हात लावला. प्रधान म्हणाले, विचार करू. सेनापती म्हणाले, मुहूर्त पाहू. हेमांगी म्हणाली, "तुम्ही बसा विचार करीत. माझी आई आहे, मी जाते."

वाटेत बाभळीवर एक सुगरण पक्षी घरटं विणीत होता. तो म्हणाला, "मुली, विणकामाचं काही असेल तर मी येतो. जादूगाराची जाळी आल्यापासून आमची पोरंही तयार घरटं मागतात."

"ये," हेमांगी म्हणाली. "पण खरं सांगू? त्या जाळीचा मला रागच आहे. आईच्या मांडीवर माझ्याआधी ती उशी असायची. लहानपणीची आठवते ती आईची वाकलेली मान. बस्स."

पक्षी तिच्या खांद्यावर येऊन बसला. किनाऱ्यावर एक म्हातारं कासव होतं. त्याच्या पाठीवर बसून दोघं बेटावर पोचली. कासवाने एवढंच विचारलं, "परत यायचंय ना? मग थांबतो."

जादूगार दारातच उभा होता. "तीन दालनं आहेत. जा."

पहिल्या दालनात शेल्यांचा डोंगर. पक्षी एकेका शेल्याचं सुटं टोक चोचीत धरून समईपाशी नेई. डांबराचा वास सुटून टोकाचा टणक मणी झाला, की तो खोटा. सरळ जळून राख पडली, की तो सुताचा. डोंगराचा ढीग झाला.

दुसऱ्या दालनात त्या ढिगातले शेले हेमांगीने उलटे पसरले. खऱ्या जाळीत सूत पानातून फुलात, फुलातून काठात जातं, मध्ये तुटत नाही. खोट्याच्या पाठीवर जागोजागी कापलेली टोकं बोटाला टोचत होती. सारे शेले निवडून दोनच उरले.

ते घेऊन ती तिसऱ्या दालनात गेली. दोन्ही सुताचे, दोन्ही अखंड विणीचे. दोन्हींवर तेच कमळ, तोच मोर, तोच अपुरा काठ. एक अगदी निर्दोष, दुधावरच्या सायीसारखा. दुसऱ्यात मात्र मध्येच बारीक गाठी, कुठे विरळ, कुठे दाट.

"अगं, यात काय एवढं!" जादूगार मऊ आवाजात म्हणाला. "तुझ्या आईच्या हाताला तोड नव्हती ना? मग तिचा कोणता असणार?"

हेमांगीलाही तेच वाटलं. तिने निर्दोष शेला उचलला. हातावर टाकून वळली, दारापर्यंत गेलीसुद्धा!

"पोरी," सुगरण पक्षी म्हणाला, "तुझी आई विणायला बसली की कधी उठायचीच नाही का?"

हेमांगी थबकली. परत आली. दुसऱ्या शेल्यावर तिने बोट फिरवलं. कमळापाशी गाठीच गाठी होत्या. आई कमळ विणत होती तेव्हा हेमांगीला गोवर आला होता. वाकलेली मान तेवढी तिला आठवत होती. कपाळावर ओली पट्टी कोण ठेवून जात होतं, ते ती विसरली होती. मोराच्या पिसाऱ्यात एकेक गाठ: झोपाळ्यावरून पडली तेव्हाची, विहिरीत बाहुली गेली म्हणून रडली तेव्हाची. हेमांगी मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. "आई गं, किती वेळा उठलीस! आणि मी वेडी काय समजत होते!"

मग डोळे पुसून तिने गाठींचा शेला उराशी धरला. "जादूगारा, तू माझ्या आईची फुलं चोरलीस, पानं चोरलीस. गाठी तेवढ्या खोड म्हणून गाळल्यास. तुला कुणासाठी उठावंच लागलं नाही ना कधी!"

दालनांतली सगळी खोटी जाळी उसवली आणि सुताचा गुंता जादूगाराच्या हातापायांत अडकला. तो अजून सोडवीत बसला आहे. बसू दे मेल्याला.

कासव थांबलं होतं. हेमांगी घरी आली. तिने शेला आईच्या खांद्यावर घातला. राणीचे डोळे उघडले. लेकीकडे पाहून ती म्हणाली, "किती वाळलीस गं! जेवलीस का?"

राजाने दवंडी पिटवली: बाहेरची जाळी बाहेरची म्हणून खुशाल विका, हातची म्हणून विकाल तर याद राखा. माळ्यावरच्या उशा खाली आल्या. हेमांगीनेही स्वतःची उशी मांडली.

दुसऱ्या दिवशी राणी अपुरा काठ विणायला बसली. फिरक्या टकटकू लागल्या. एवढ्यात आतून हाक आली, "आई, माझं सूत गुंतलं गं, जरा ये ना!"

राणी हसली. तिने गाठ मारली आणि उठली.

आणि बरं का मंडळी, आमच्याही घरातून हाका यायला लागल्यात. तेव्हा गोष्टीला इथे गाठ मारते आणि उठते.