बऱ्हाट्यांचा र आणि दोन टॅबलेट

"हा काय चावटपणा आहे?" अण्णासाहेब बऱ्हाटे गरजले. "माझ्या नावातला र ह च्या डोक्यावर कुणी चढवला?"

बैठकीतले सगळे आपापल्या खुर्चीत आक्रसले. नव्या टॅबलेटच्या पडद्यावर ठळक अक्षरांत झळकत होतं, 'बर्हाटे'!

अण्णासाहेब म्हणजे मुलींच्या कॉलेजचे संस्थापक. कॉलेजच्या इमारतीवर त्यांचं नाव, पाण्याच्या टाकीवर त्यांचं नाव, सायकल स्टँडवरही त्यांचंच. आठशे विद्यार्थिनींना टॅबलेट द्यायचे ठरले होते आणि तो पसंत करायची त्यांची रीत सोपी होती: स्वतःचं नाव लिहून बघायचं. मुली त्यावर काय शिकणार, हा किरकोळ प्रश्न त्यांनी प्राचार्यांवर सोडला होता. प्राचार्यांनी तो तसाच सोडून दिला होता.

टॅबलेट विकायला आलेले साळसकर सूट सावरत म्हणाले, "सर, नाव सोडा! बॉडी बघा, चमक बघा. आणि आतलं सगळं एकदम कुलूपबंद! कुणी बोट लावू शकत नाही."

"मग तुम्ही लावा बोट. र खाली उतरवा."

"मीसुद्धा नाही लावू शकत, सर." साळसकर अभिमानानं म्हणाले. "तेच तर वैशिष्ट्य आहे!"

अण्णासाहेबांनी दुसरा नमुना ओढला. हा करड्या रंगाचा, साधा, ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालणारा, म्हणजे कुणीही आतून उघडून बदलावा असा. त्यावरही 'बर्हाटे' उमटलं! साळसकर फिसकन हसले. "फुकटचं सॉफ्टवेअर, सर! अजून काय होणार?"

"चुकले दोन्ही," मागून आवाज आला. "पण हा करडा सुधारेल."

प्रोजेक्टरची वायर धरून उभी असलेली कमळजा ढेपे बोलली होती. संगणकाच्या लॅबमधली ही अटेंडंट. कॉलेजनं भंगारात काढलेले संगणक तिनं याच सॉफ्टवेअरवर सहा वर्षं चालते ठेवले होते. ही गोष्ट मुलींना माहीत होती. प्राचार्य समजत होते, ते आपल्या मार्गदर्शनाखाली चालतात!

"तू सुधारणार?" अण्णासाहेबांनी भुवया चढवल्या. "कंपनीचे साहेब हात टेकतात आणि तू, फरशी पुसणारी?"

"फरशी पुसते म्हणूनच कळतं, अण्णासाहेब. घाण कुठं आहे ते दिसलं तर पुसता येतं. यांनी खोलीलाच कुलूप घातलंय!"

अण्णासाहेब चिडले. "परवा बाराच्या ठोक्याला माझं नाव बिनचूक दिसलं पाहिजे! बाहेरचा माणूस आणायचा नाही, नवं काही विकत घ्यायचं नाही. जमलं नाही तर लॅबची किल्ली ठेवून घरी जायचं. आणि साळसकर, तुम्हालाही तीच मुदत!"

कमळजानं वायर खाली ठेवली. बोलून तर बसले! तिनं करडा टॅबलेट लॅबमध्ये नेऊन संगणकाला जोडला आणि कीबोर्डची फाइल उघडली. कुठलं बटण दाबलं की कुठलं अक्षर उमटतं, याची ती साधी यादी होती. तिनं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. कीबोर्ड हिंदीसाठी बनवलेला होता. मराठीतला ऱ, खाली नुक्ता म्हणजे टिंब असलेला, ज्यानं ऱ्ह जुळतो, तो यादीत नव्हताच!

तिनं एक ओळ वाढवली. कीबोर्डच दिसेनासा झाला. तिनं तासभर स्वतःला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं, ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला होता.

साळसकरांनीही कष्ट घेतले. त्यांनी कंपनीला फोन केला. तासभर संगीत ऐकल्यावर त्यांना तक्रार क्रमांक मिळाला.

तिसऱ्या दिवशी बारा वाजले. साळसकर घसा खाकरून म्हणाले, "सर, कंपनीनं आपल्या र ची गंभीर दखल घेतली आहे. पुढच्या आवृत्तीत विचार होईल. तोपर्यंत एक सोपा उपाय... आपण आडनाव 'बराटे' लिहिलं तर?"

अण्णासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला.

कमळजानं करडा टॅबलेट त्यांच्यापुढं ठेवला. अण्णासाहेबांनी एकेक बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'बऱ्हाटे'! त्यांनी ते पुन्हा लिहिलं. मग 'कुऱ्हाड' लिहिलं, 'वऱ्हाड' लिहिलं, आणि लहान मुलासारखे 'बऱ्हाटे, बऱ्हाटे' लिहीतच सुटले.

"पण सर, धोका बघा!" साळसकर ओरडले. "आज हिनं आत हात घातला. उद्या कुठलीही पोरगी घालेल आणि आपलं नाव बिघडवेल!"

अण्णासाहेबांचं बोट थांबलं. "काय गं? घालतील का हात?"

"घालतीलच! तेवढ्यासाठीच तर घ्यायचा. एक पोरगी बिघडवेल, दुसरी दुरुस्त करेल, आणि दोघीही शिकतील. यांच्या टॅबलेटात काय शिकतील? तासभर फोनवर संगीत ऐकायला?"

"पण नाव माझं आहे ना!"

"तेच सांगते, अण्णासाहेब! यांना यंत्र बदलता येईना, म्हणून हे माणसाचं आडनाव बदलायला निघाले. आज तुमचं, उद्या आठशे पोरींचं. आता तुम्हीच सांगा, पोरींच्या हातात यंत्र द्यायचंय की त्यांच्या डोक्यावर मालक बसवायचाय?"

अण्णासाहेब असे गडगडून हसले, की प्राचार्यही दचकून हसू लागले. "साळसकर, उचला तुमची चमक! आठशे करडे टॅबलेट मागवा! आणि प्राचार्य, आजपासून लॅबच्या प्रमुख कमळजाबाई. तिथलं काही घ्यायचं झालं, तर आधी त्यांना विचारायचं. मलासुद्धा नंतर!"