कापलेला हिरवा वाफा

एकदा एक वृद्ध शिक्षक आपल्या विद्यार्थिनीचा प्रयोग पाहायला शेतावर गेले. संकरित मक्याला खताची मात्रा किती द्यावी, हा प्रयोगाचा विषय होता. एकूण सोळा वाफे होते. चार वाफ्यांना खत अजिबात नाही, चारांना शिफारशीच्या निम्मे, चारांना शिफारशीइतके आणि चारांना दीडपट. तिची पदवी या एका हंगामावर अवलंबून होती.

शिक्षक प्रत्येक वाफ्यापाशी थांबत गेले. रस्त्यालगतच्या बिनखताच्या वाफ्यात ते ओणवे झाले आणि खालची पाने त्यांनी दोनदा निरखली. मग मजुराकडून विळा मागून घेतला आणि तो वाफा स्वतःच कापायला सुरुवात केली. मका छातीइतका उंच, हिरवागार होता. कणसे अजून धरायची होती.

शेजारचे शेतकरी गेनूआप्पा बांधावर उभे होते. त्यांना राहवेना. "सर, चष्मा घरी राहिला का काय? कापायचाच तर तो पलीकडला पिवळा कापा की! हा चांगला कशाला?"

"गुरांना घाला," शिक्षक एवढेच म्हणाले.

विद्यार्थिनीचा चेहरा उतरला. "सर, तुम्हाला कळलं."

"संशय आला. तू सांग."

"तीन आठवड्यांपूर्वी शिवारफेरी होती, गावचे शेतकरी पीक बघायला आले होते. सगळे याच वाफ्यापाशी थांबून हसत होते. आप्पाच म्हणाले, मॅडम, तुमच्या मक्याला कावीळ झालीय का? मला फार लागलं, सर. शिवाय त्या रोपांकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी मी याला युरिया घातला." तिने कापलेल्या ताटांकडे पाहिले. "माझं वर्ष गेलं ना?"

"अगं पोरी, मी आपली गंमत केली होती," आप्पा ओशाळून म्हणाले.

शिक्षक बांधावर टेकले. "उपाशी पीक तुला बघवलं नाही, यात वाईट काही नाही. पण हा वाफा आपण हेळसांड म्हणून उपाशी ठेवलेला नसतो. जमीन स्वतःच्या बळावर किती देते, हे तोच सांगू शकतो. खत घातलेल्या वाफ्यांत जे दाणे येतील, त्यांतले मातीचे किती आणि खताचे किती, हे त्याच्यावाचून कळणार कसं? तू त्याला हिरवं केलंस आणि तो खोटं सांगू लागला, म्हणून कापला. उरलेल्या तीन बिनखताच्या वाफ्यांना काही घातलंस का?"

"नाही, सर. खरंच नाही."

"मग प्रयोग शाबूत आहे. एक वाफा गेला तर गणितात त्याची सोय आहे. खोटा वाफा राहिला तर मात्र नाही." त्यांनी विळा मजुराला परत दिला. "विळा घालताना मलाही धाकधूक होती. तुझ्यावर उगीच संशय घेत असलो तर? पण खालच्या पानांचा पिवळेपणा टोकाकडून येऊन मध्येच थांबला होता आणि वरची पानं गर्द होती, म्हणून धीर केला."

तिने एवढा मोठा सुस्कारा सोडला की आप्पांनाही हसू आले.

काढणीनंतर दाणे तोलले आणि तिने तक्ता मांडला. हेक्टरी एकवीस क्विंटल बिनखताच्या वाफ्यांत, निम्म्या मात्रेत चाळीस, शिफारशीत छप्पन्न, आणि दीडपटीत सत्तावन्न. दीडपटीचा मका सर्वांत उंच वाढला होता, पण ती वाढ दाण्यांत उतरली नव्हती.

आप्पांनी तक्त्यातल्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवले. "मी दरसाल दीडपटच टाकतो. माझी जमीन एकटी किती देते, हे मला ठाऊकच नाही."

"पुढच्या पेरणीत चार ओळी बिनखताच्या ठेवून बघा, आप्पा. मी येईन मोजायला," ती म्हणाली.

तक्त्याखाली तिने लिहिले होते: रस्त्यालगतच्या वाफ्याला मी युरिया घातला, म्हणून तो यात धरलेला नाही.

शिक्षकांनी ती ओळ वाचली आणि खाली सही केली.