राजासाठी ठेवलेली खुर्ची

अमेरिकेत, पाइनच्या दाट जंगलाला लागून, नदीकाठी वसलेल्या एका गावात एल्कना नावाचा सुतार राहत होता. तेव्हा त्या मुलुखावर इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं. राजा महासागरापलीकडे राहायचा. गावातल्या कुणी त्याला पाहिलं नव्हतं आणि त्यानेही हे गाव पाहिलं नव्हतं, तरी गावाचा त्याच्यावर जीव होता. त्यातही एल्कनाचा जरा जास्तच.

एल्कना आईच्या कडेवर बसून जहाजातून या देशात आला होता. इंग्लंडमधलं त्याला काहीच आठवत नव्हतं. तरी तो इंग्लंडला 'आपलं घर' म्हणायचा. रंधा मारता मारता मध्येच थांबायचा, पूर्वेकडे बघायचा आणि म्हणायचा, घरी आता सफरचंदं पिकली असतील. त्याची मुलगी हेप्सी याच मातीत जन्मलेली. बाबांनी ते घर कधी पाहिलंय, असं ती हसत विचारायची, तेव्हा तो रुसायचा. काही आठवणी नसतानाही माणसाला आठवण येते, हे त्या पोरीला कसं कळणार?

गावात एक सभाघर होतं. एल्कनाने तरुणपणी त्या सभाघरासाठी ओकच्या लाकडाची एक खुर्ची घडवली होती, खास राजासाठी. राजा कधी आला तर त्याला बसायला जागा हवी ना. खुर्चीच्या पाठीवर त्याने सिंह कोरला. सिंह त्याने कधी पाहिला नव्हता, त्यामुळे तो बराचसा मांजरासारखा झाला. पण गावाला खुर्ची आवडली आणि तिच्याभोवती एक रिवाजच पडला. ज्याची काही तक्रार असेल त्याने सभेत उठायचं, रिकाम्या खुर्चीपुढे उभं राहायचं आणि तिच्याकडे तोंड करून बोलायचं. बोललेलं राजापर्यंत कधी ना कधी पोचतं, असं सगळ्यांना मनापासून वाटायचं.

दर शनिवारी ती खुर्ची फिबी पुसायची. फिबी ही पाणचक्कीवाल्या ओबाडायाची गुलाम. त्या काळी तिकडे माणसं विकत घेण्याची रीत होती आणि देवाधर्माला मानणारी माणसंही ती बिनदिक्कत पाळत. फिबीला रोझ नावाची मुलगी होती. ओबाडायाने तिला नदीपलीकडच्या एका शेतकऱ्याला विकून टाकलं होतं. फिबी मेण लावून खुर्चीचे हात घासायची आणि अधूनमधून खिडकीतून नदीपलीकडे बघायची. तिची काही तक्रार असेल, हे गावात कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

हेप्सीचं लग्न झालं ते नदीपलीकडच्या तरुणाशी. उन्हाळ्यात होडीने जाता यायचं, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून चालत. पण वसंतात बर्फ फुटला की दोन्ही वाटा बंद. मग बाप या काठावर आणि लेक त्या काठावर, नुसते हात हलवत. नदी जिथे खडकांमध्ये अरुंद होते तिथे पूल बांधता आला असता. त्यासाठी एकच लांब, सरळ खोड हवं होतं, आणि तसं झाड एल्कनाच्याच घरामागे त्याच्याच जमिनीत उभं होतं.

अडचण एवढीच की त्या झाडावर बाण होता. राजाच्या जहाजांना शिडं बांधायला डोलकाठ्या लागत. म्हणून राजाचा अधिकारी जंगलातून फिरायचा आणि चांगलं झाड दिसलं की कुऱ्हाडीने त्यावर बाणाची खूण करायचा. ती झाली की झाड राजाचं. जमीन कुणाची, खत कुणाचं, सावली कुणाची, हे कोण विचारतो? ते तोडेल त्याला तुरुंग.

एल्कनाने खुर्चीपुढे उभं राहून आपली अडचण सांगितली. मग पाद्रीबाबांकडून अर्ज लिहून घेतला आणि जहाजाने पाठवला. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवला. तेव्हाही नाही. राजाचं जहाज झाड न्यायलाही आलं नाही. बाणाच्या खाचांमध्ये शेवाळ धरलं.

त्याच काळात नवे हुकूम मात्र वेळेवर यायचे. चहावर कर बसला, कागदावर कर बसला, जवळच्या शहरात सैनिकांचे तळ पडले. कर बसवताना इथल्या कुणाला विचारलं नव्हतं. दर वेळी लोक खुर्चीपुढे उभे राहून बोलायचे आणि तो मांजरासारखा सिंह सगळं ऐकून घ्यायचा. तरुण पोरं चिडली. झाड तोडू, होईल ते होईल, असं म्हणू लागली. एल्कनाने त्यांना अडवलं. राजाला आपलं दुःख कळलेलंच नाही, मधली माणसं त्याच्यापर्यंत काही पोचूच देत नाहीत, कळलं की तो नक्की हो म्हणेल, असं तो त्यांना समजावत राहिला. म्हाताऱ्याचा मान राखून गाव थांबलं.

त्या वसंतात हेप्सीचे दिवस भरले आणि नदीवरचा बर्फ नेमका लवकर फुटला. पलीकडून तिच्या नवऱ्याने पांढरा कपडा हलवला. या काठावर सुईण पिशवी घेऊन तयार होती. एल्कनाने होडी पाण्यात लोटली, पण बर्फाच्या लाद्यांनी ती परत काठावर आणून टाकली. पुन्हा लोटली, पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत ती दोघं काठावर हात चोळत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी जावई काठावर आला. त्याच्या हातात लाकडाची एक लहानशी पेटी होती. ती त्याने वर उचलून दाखवली आणि सुईण खाली बसली. हेप्सी वाचली होती, बाळ गेलं होतं. काही दिवसांनी हेप्सी स्वतः काठावर आली आणि ओरडून काहीतरी सांगू लागली. पाण्याच्या गर्जनेतून एल्कनाला फक्त 'बाबा' एवढंच ऐकू आलं. पुढचं काही कळलं नाही. तो तिथेच उभा राहून रडला.

मग तो सभाघरात गेला. फिबी खुर्ची पुसत होती. एल्कना खुर्चीपुढे उभा राहिला आणि मग फिबीकडे वळला. त्याने तिलाच विचारलं, इतक्या वर्षांत इथे कधी काही उत्तर आलं का ग?

"काका, मी इतकी वर्षं ही खुर्ची पुसते," फिबी म्हणाली, "हिच्यावर धूळ सोडून कुणी बसलेलं नाही."

एल्कना घरी आला, कुऱ्हाड घेतली आणि राजाच्या झाडावर पहिला घाव घातला. घाव ऐकून पोरं आली, त्यांच्या मागून बाकीचं गाव आलं. उन्हाळा लागायच्या आत नदीवर पूल उभा राहिला. फळ्या ठोकताना एल्कनाला आनंद व्हायला हवा होता. पण प्रत्येक खिळ्याबरोबर त्याला वाटायचं, हे थोडं आधी झालं असतं तर.

उन्हाळ्यात राजाचा अधिकारी सैनिक घेऊन आला. पुलाच्या तोंडाशी घोडा थांबवून त्याने विचारलं, "हे झाड कोणाच्या परवानगीने तोडलं?"

एल्कना म्हणाला, "साहेब, लेकीकडे जायला बापाला परवानगी लागत नाही. हा हक्क मी जन्मलो तेव्हा माझ्याबरोबरच आला. राजाने जे दिलंच नाही, ते राजाला काढून घेता येणार नाही."

अधिकाऱ्याने त्याला तुरुंगात नेलं. पण असं झाड फक्त या एकाच गावात नव्हतं. कुठे झाड, कुठे चहा, कुठे दारात उभे सैनिक, प्रत्येक गावाचं काहीतरी दुखत होतं आणि कोणाच्याच अर्जाला उत्तर नव्हतं. गावांनी एकमेकांकडे माणसं पाठवली. लढाई पेटली. लढाईत तुरुंग फुटला, एल्कना सुटून घरी आला, आणि मग एक दिवस शहरातून घोडेस्वार सगळ्या गावांच्या प्रतिनिधींचा जाहीरनामा घेऊन आला की हा देश आता राजाचा राहिला नाही.

तो जाहीरनामा सभाघरात वाचून दाखवला पाणचक्कीवाल्या ओबाडायाने. त्याचा आवाज मोठा होता आणि स्वातंत्र्याची हौसही मोठी होती. माणूस हक्क घेऊनच जन्माला येतो, ही ओळ त्याने दोनदा वाचली. मग कुणीतरी म्हणालं, राजाची खुर्ची जाळा. सगळ्यांना ते पटलं. एल्कनाने काही विरोध केला नाही, पण त्याला ते बघवेना. ज्या घराची त्याने आयुष्यभर आठवण काढली, ते आता कायमचं परकं झालं होतं. सिंहाच्या आयाळीवरून एकदा हात फिरवून तो लेकीला भेटायला पुलाकडे निघाला.

पुलाच्या तोंडाशी फिबी उभी होती. तिच्या पायाची बोटं पहिल्या फळीला टेकली होती. पलीकडच्या शेतावरच्या घरातून धूर निघत होता, तिकडे ती बघत होती. एल्कना म्हणाला, चल की, तुझी रोझ तिकडेच ना?

"मालकांची परवानगी नाही, काका."

एल्कना जागच्या जागी थांबला. पूल झाल्यापासून तो कितीदा तरी ये-जा करत होता, आणि ही बाई इथे उभी असायची, हे त्याने पाहिलंही होतं. ती का उभी असते, हे मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. तो लेकीकडे गेला नाही. फिबीला घेऊन तो तसाच मागे फिरला.

सभाघराच्या अंगणात लाकडं रचून झाली होती आणि खुर्ची दारातून बाहेर निघत होती. एल्कनाने ती खाली ठेवायला लावली, फिबीला तिच्यावर बसवलं आणि गावाला म्हणाला, "आजवर आपण रिकाम्या खुर्चीपुढे बोललो. आज खुर्चीवरचं माणूस बोलेल आणि आपण ऐकू."

फिबीने दर शनिवारी मेण लावलेल्या खुर्चीच्या हातांवर आपले हात ठेवले. तिचा आवाज अगदी लहान होता. "माझी रोझ नदीपलीकडे आहे. पुलावरून मालकांची शेळीसुद्धा जाते. मला माझ्या लेकीकडे जायचंय."

ओबाडाया लाल झाला. फिबी आपली आहे, आपण तिला विकत घेतलंय, असं तो म्हणू लागला. एल्कना त्याच्याजवळ गेला.

"तिला अडवतोस ते कोणाच्या परवानगीने, ओबाडाया?"

जाहीरनाम्याचा कागद अजून ओबाडायाच्या हातातच होता. त्याने त्याच्याकडे पाहिलं. गाव बघत होतं. त्याने कागदाची घडी घातली आणि मान खाली केली. फिबी उठली. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. ती पुलावर चढली, आधी हळू, मग भरभर, आणि पलीकडच्या शेतातून एक मुलगी धावत आली.

ओबाडायाने फिबीला परत बोलावलं नाही. त्या देशात मात्र अशा कितीतरी फिबी होत्या, आणि त्यांना आपापल्या पुलाशी आणखी पुष्कळ वर्षं उभं राहावं लागलं. या गावाने खुर्ची जाळली नाही. ज्याचं कुणी ऐकत नाही, त्याने तिच्यावर बसायचं आणि गावाने समोर उभं राहायचं, असा रिवाज पडला. शनिवारी खुर्ची पुसायला आता एल्कना जायचा. पुसून झालं की तो खिडकीशी थांबायचा. पूर्वेकडे बघायची त्याची सवय काही गेली नाही, पण आता तो 'घर' म्हणायचा ते नदीपलीकडे बघून.

तात्पर्य: जो हक्क आपण जन्माने मिळाला म्हणून मागतो, तो आपल्या दारात उभ्या असलेल्या माणसालाही जन्मानेच मिळालेला असतो. त्याची वाट अडवून कुणी स्वतंत्र होत नाही.