चार गुंजांचा बट्टा

"सतरा रुपये! सगळे एका छापाचे, आणि त्यातला आमच्या आजोबांचा कुठला हे एकालाही सांगता येऊ नये?" निंबगडचे धवलराजे असे कडाडले की देवघरातली समई थरथरली.

समोर परात होती, परातीत ते सतरा रुपये होते आणि परातीमागे गजराबाई उभी होती. देवाची उपकरणी घासणारी ती बाई. तिच्या हाताचा रिठ्याचा फेस अजून वाळला नव्हता.

झालं होतं असं. राजांच्या आजोबांनी निंबगडात टांकसाळ काढली, तेव्हा तिथला पहिला चांदीचा रुपया त्यांनी खर्चला नाही, देव्हाऱ्यात ठेवला. साठ वर्षं त्याला रोज स्नान, रोज कुंकू. कुंकवाचा लेप एवढा की नाण्याचं तोंड कोणी धड पाहिलेलंच नाही! आज दसऱ्याच्या आदल्या दिवशी गजराबाईने देव रिठ्याच्या पाण्यात घातले. दानपेटीतली नाणीही काळवंडली होती. एका पाण्यात दोन कामं होतील म्हणून तीही त्याच घंगाळात ओतली. फेस बसला आणि तळाशी दिसले एकसारखे सतरा रुपये!

"नैवेद्याच्या आत तो रुपया ओळखायचा," राजे म्हणाले, "आणि त्याची किंमतही सांगायची. नुसतं बोट काय, कशावरही ठेवशील! नाही जमलं तर चंबूगबाळं उचलून वेशीबाहेर!"

वाड्यामागच्या खोलीत गजराबाईची बावीस वर्षं गेली होती. दारातला शेवगा तिने लावलेला, आणि आत्ता कुठे तो शेंगांनी लगडला होता. तो सोडून जायचं?

तेवढ्यात पोपटशेट सराफ पुढे सरसावले. राजांनी बोलावलं नसलं तरी ते हजर असतच. त्यांनी परातीतला सगळ्यांत चकचकीत रुपया उचलला. "हाच, महाराज! जो रुपया बाजारात गेलाच नाही तो झिजेल कशाला? छाप बघा, कशी कोरी करकरीत!"

राजांनी मान डोलावली. गजराबाई मात्र खाली बसली आणि एकेक रुपया पालथा-उताणा करू लागली. अखेर तिने एक उचलला.

"सरकार, ह्यो तुमचा."

"हा? याच्यावरचं तर सगळं पुसलंय!"

"एकाच अंगानं पुसलंय. बाजारचा रुपया दोन्ही अंगांनी झिजतो, कडेनंबी झिजतो. ह्याची कड बघा, पाठ बघा, जशीच्या तशी. ह्यो साठ वर्षं उताणाच बसलाय आन् रोज तोंडावर अंगठा घासून घेतोय. शास्त्रीबुवा, डोळं मिटून ह्याला जरा न्हाऊ घाला बरं!"

देवघराचे पुजारी आबाशास्त्री, त्यांची नजर अधू. पूजा ते डोळे मिटूनच करत. त्यांनी डोळे मिटले, मंत्र सुरू केला, अंगठा फिरवला आणि अर्ध्या मंत्रात ओरडले, "हाच, हाच! अहो, हा माझ्या अंगठ्याच्या ओळखीचा आहे!"

पोपटशेटांचा चेहरा पडला, पण तोंड कुठे गप्प बसतंय! "मग आता किंमत सांग," ते म्हणाले आणि त्यांनी खिशातला काटा काढून रुपया तोलला. "चार गुंजा कमी! आणि महाराजांचाच हुकूम आहे, झिजल्या नाण्यात जेवढी चांदी कमी, तेवढा बट्टा कापायचा."

राजांच्या भुवया चढल्या. "आजोबांच्या रुपयाला बट्टा? म्हणजे आमच्या घराण्यालाच बट्टा! गजराबाई, लावलास तर खबरदार!"

"आणि न लावावा," पोपटशेट गोड हसले, "तर महाराजांचा हुकूम मोडला."

सगळे गजराबाईकडे बघू लागले. इकडे आड, तिकडे विहीर! पदराला हात पुसत तिने विचारलं, "शास्त्रीबुवा, ह्या रुपयाच्या स्नानाचं पाणी जातं कुठं?"

"जातं कुठं म्हणजे? तेच तर तीर्थ!"

"सरकार, तुम्ही तीर्थ कधीपास्नं घेताय?"

"मुंजीपासून! एक दिवस चुकवलेला नाही!" राजे छाती काढून म्हणाले. "आणि त्याआधी आमचे वडील, आजोबा."

"मग बट्टा कशाचा?" गजराबाईने हात जोडले. "बाकीच्या सोळा रुपयांची चांदी कुणाकुणाच्या कशात झिजली, कोण जाणे. ह्याची चांदी घराभाईर गेलीच न्हाई! थेंबाथेंबानं तुमच्याच घराण्याच्या पोटात गेली. तवा ह्याची किंमत पुरा एक रुपाया, रतीभर कमी न्हाई. शेटजींना शंका असंल तर त्यांनी रुपया आन् सरकार एकाच पारड्यात घालावं. भरतील की चार गुंजा!"

राजांनी आपल्या पोटाकडे पाहिलं. मग पोपटशेटांच्या हातातल्या त्या इवल्याशा काट्याकडे पाहिलं. आणि एकदम हसायला लागले! त्यांचं पोट हलायला लागलं तसे शास्त्रीबुवाही हसू लागले. पोपटशेट तेवढे काटा खिशात लपवत होते.

राजांनी डोळे पुसले. "पोपटशेट, गजराबाईंना चांदीचे तोडे घडवून द्या, आमच्या खर्चाने. वजन आम्ही करून घेऊ! आणि ती मागची खोली आजपासून यांच्या नावावर, शेवग्यासकट."

मग त्यांनी तो रुपया स्वतःच्या हाताने गजराबाईच्या तळव्यावर ठेवला.

"ठेवा देव्हाऱ्यात. पण शास्त्रीबुवांना सांगा, अंगठा जरा हळू फिरवा. आमचं पोट भरलंय!"