ट्रेंटची चतुःसीमा

"मग मांजरा नदीत सोडून देऊ का, बाबा?"

हर्षल मुळीकच्या मांडीवर पितळी डबा होता. डब्यात आईची मूठभर रक्षा.

लतीफशा फकीर तकियाबाहेर कडुलिंबाखाली बसले होते. गावाबाहेरचा हा तकिया म्हणजे त्यांची एक खोली आणि मागे जुन्या कबरी. हर्षलनं आल्या आल्या बूट काढून बाजूला ठेवले होते. वडिलांनी लहानपणी लावलेली सवय.

"आई काय म्हणली व्हती?" लतीफशांनी विचारलं.

"मला माझ्या माणसांत ठेव, म्हणाली."

"मग?"

"तिची माणसंच सापडत नाहीत."

हर्षलचे वडील याच गावचे. शिकायला अमेरिकेत गेले आणि व्हर्जिनियात रूथशी लग्न करून तिथलेच झाले. मुळीकांच्या पिढ्या इथला कुठलाही म्हातारा बसल्या जागी मोजून देतो. रूथचं तसं नव्हतं. ती लहानपणीच पोरकी झाली, परक्यांच्या घरी वाढली. आपलं म्हणून तिच्याकडे एकच नाव होतं, आजोळच्या मूळपुरुषाचं. जोसाया ट्रेंट. तिकडे इंग्रजांचा अंमल होता तेव्हाचा तंबाखूचा मळेवाला. त्याच्या कबरीशेजारी आपल्याला जागा मिळावी, एवढीच तिची आस होती.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. मळेवाल्याचं शोधू नये असं कुणी म्हटलेलं नाही, म्हणून हर्षल शोधत राहिला. त्यात त्याचे केस पिकले.

"कागदपत्र नाही?"

"तिथली कचेरी त्यांच्या यादवी युद्धात जळाली, बाबा. खरेदीखत, मृत्युपत्र, सगळं गेलं. त्याचा स्वतःचा एक कागद उरला नाही."

"अन् हे काय?"

हर्षलच्या पिशवीतून कागद डोकावत होते.

"नकला आहेत. शेजाऱ्यांच्या खतांच्या. ती त्यांच्या घरी होती, म्हणून वाचली. चौघांच्या खतांत लिहिलंय, इथून पुढे ट्रेंटची हद्द."

लतीफशा हसले.

"म्हंजे चतुःसीमा हाय. शेतच नाही."

हर्षलला ते लागलं. त्यानं चारी कागद जमिनीवर चार दिशांना मांडले. वारा होता. तीन कागदांवर दगड ठेवले. चौथ्यासाठी हाताशी दगड दिसेना, तेव्हा आपला बूट उचलून त्यावर ठेवला.

मधे रिकामी माती राहिली.

"एवढ्यावरून मी त्याच्या घराची जागा काढली," तो म्हणाला. "तिथल्या अभ्यासकांनासुद्धा जमलं नव्हतं."

आवाजात जराशी ऐट होती. ती फार टिकली नाही.

"पण कबर नाही मिळाली. घराचा चौथरासुद्धा नाही. नुसतं रान... मी डबा घेऊन गेलो आणि डबा घेऊन परत आलो."

लतीफशा माळ ओढत राहिले.

"मोजायला सुरुवात कुठनं केलीस?"

"या कागदावरून." हर्षलनं बुटाखालच्या कागदाकडे बोट केलं. "बाकीच्यांत झाडांच्या खुणा आहेत, ती झाडं कधीच गेली. यातली खूण अजून जागेवर आहे."

"वाच."

वाचायची गरज नव्हती. त्याला पाठ होतं.

"ट्रेंटच्या गुलामांच्या कबरींपासून निघून, ओढ्याच्या काठानं वर..."

माळ थांबली.

"त्या कबरी हायत?"

"आहेत. पाइनच्या रानात. नुसते उभे केलेले दगड, कुणाचं नाव नाही. एक हिरवा वेल आहे, तो तेवढ्याच जागेत पसरलाय. कुणीतरी मुद्दाम लावलेला असणार."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? तिथे उभा राहिलो, होकायंत्र काढलं आणि चालायला लागलो."

"त्यांच्यातनं?"

हर्षलनं बुटाखालच्या कागदाकडे पाहिलं.

"...त्यांच्यातूनच."

लतीफशा पुढे वाकले. त्यांनी कागदावरचा बूट दोन्ही हातांनी उचलला आणि झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवला. परत येऊन बाहीनं कागदावरची माती पुसली. कागद उडू नये म्हणून त्यावर आपली माळ ठेवली.



हर्षल त्या ओळीकडे बघत होता. पाठ असलेली ओळ तो आता वाचत होता. त्याला आईची फार आठवण आली. परक्यांच्या घरात, परक्यांच्या ताटावर वाढलेली आई.

"तिलाही कुणी नव्हतं," तो म्हणाला.

"हं."

"तिथे ठेवू तिला?"

लतीफशांनी कागदावरची माळ सरळ केली.

"पण बाबा... ती त्यांच्या मालकाच्या घरची. ते देतील तिला जागा?"

लतीफशांनी बुंध्याजवळच्या बुटाकडे पाहिलं.

"ते मी कसं सांगू, बेटा? पायातलं काढून जा... अन् त्यान्लाच इच्यार."