एकच दिवा नारिंगी

आमच्या सूतगिरणीचे चेअरमन घाटगेसाहेब उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नवी सर्व्हर रूम बघायला आले. नेटवर्क सांभाळणारा मी, म्हणजे पगारपत्रकापुरता इंजिनिअर, हात बांधून उभा. गिरणीतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या पेटीवरचे, म्हणजे स्विचवरचे, सगळे दिवे हिरवे, एकच नारिंगी.

"हा असा का? पाहुण्यांसमोर सगळे हिरवे पाहिजेत. नाहीतर उद्यापासून घरी बसा!"

"साहेब, तो बिघडलेला नाही. इथून दुसऱ्या स्विचला दोन वायरी जातात. दोन्ही एकदम बोलल्या, तर तेच तेच निरोप गोल फिरत राहतात आणि अख्खी गिरणी ठप्प होते. म्हणून स्विचच एकीला गप्प ठेवतो. पहिली तुटली, की ही बोलते."

"जोडलेली आहे, पण बोलत नाही? असली वायर काय कामाची?"

"साहेब, तुमच्या मीटिंगमध्ये मी तसाच असतो. जागा, हजर आणि गप्प. करू हिरवा? पण मग मीटिंगमध्ये मलाही बोलावं लागेल."

साहेब जरा दचकले. "राहू दे नारिंगीच."

उद्घाटनाच्या भाषणात साहेबांनी त्या दिव्याचं महत्त्व पाहुण्यांना भरपूर समजावलं, तेही सगळं चुकीचं. मी शेजारीच होतो. जागा, हजर आणि गप्प.